बर्फ पेलतो

शनिवार, १३ जून १९९८
चोविसावा आठवडा

आइली,

हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवून जाते आहे. पोस्टानं पाठवलेली पत्रं तू न फोडता परत धाडतेस आणि फोनवर माझा आवाज ऐकला की फोन खाली ठेवतेस, म्हणून ही युक्ती. इथून परत कुठं धाडशील? फार तर चुलीत घालशील. घाल, पण वाचून घाल.

चौदा वर्षं आपण दोघी सख्ख्या बहिणी एकाच तळ्यावर, एकाच घरात, एकाच पलंगावर सुट्टी काढतो आहोत आणि एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. वर्षातले सम आठवडे माझे, विषम तुझे. रविवारी सकाळच्या बसनं एकीनं जायचं, संध्याकाळच्या बसनं दुसरीनं यायचं. वकिलानं ही वाटणी करून दिली तेव्हा स्वतःवरच केवढा खूश झाला होता तो! यंदा युहान्नुसचा, ऐन उन्हाळ्यातला सण तुझ्या वाट्याला आलाय. काठावरची शेकोटी मोठी पेटव. शेडच्या मागच्या बाजूची लाकडं घे, ती कोरडी आहेत.

तुझी खबर मला वहीतूनच कळते. बाबांनी सुरू केलेली ती हवापाण्याची वही नसती तर तू जिवंत आहेस की नाही हेही मला कळलं नसतं. 'वारा उत्तरेचा. पाणी ९ अंश. मासा नाही.' ही तुझी गेल्या रविवारची ओळ. मी खाली लिहिलं, 'वारा उत्तरेचाच. पाणी १०. दोन मासे, लहान.' अशा चौदा वर्षांच्या ओळी जमल्यात. कुणी परक्यानं वाचल्या तर म्हणेल, काय शांत कुटुंब आहे हो!

मी थकले आहे, आइली. हे वहीत लिहिता येत नाही. सत्तरी झाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मटाराचं सूप ढवळलं, ते सगळं ढवळणं आता उजव्या खांद्यात येऊन बसलंय. ताहवोच्या धक्क्यावरून इथवर वल्हवत यायला पूर्वी वीस मिनिटं लागायची. या वेळी पन्नास लागली, आणि मध्ये दोनदा वल्ही आत घेऊन नुसती बसून राहिले. लोक सुट्टीला येतात ते ताजंतवानं व्हायला. मी येते ती कुणी काही विचारू नये म्हणून.

'सावकाश जा गं, सायमे,' ताहवो धक्क्यावरून ओरडला. 'तळं कुठं पळून जात नाही.'

'तळं नाही जात, माझा जीव जाईल.'

'मग आधी किल्ली फेक इकडं. रविवारी त्या आइलीला लागेल.'

एकोणऐंशीचा झालाय, पण जीभ अजून तशीच. आपली वल्ही नि किल्ली सांभाळायचं काम अजून तोच करतो, पण या उन्हाळ्यापुरतंच. त्याच्या लेकीनं त्याच्यासाठी गावातल्या वृद्धाश्रमात खोली घेतलीय. 'सप्टेंबरात चाललो,' म्हणाला. 'खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या दिसतात म्हणे. मला गाड्या बघायची हौस किती, तुला माहीतच आहे!' मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, 'मी जायच्या आत ते आइलीला सांगून टाक. तू नाही सांगितलंस तर मी सांगीन. चौदा वर्षं तोंड मिटून बसलो. ते ओझं घेऊन नव्या खोलीत जायचं नाही मला.'

गोष्ट उर्पोची आहे. लिहिलं बघ, तुझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. तो बुडाला त्यातलं एक तुला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. ते या उन्हाळ्यात मी तुला सांगणार आहे, ताहवोच्या तोंडून कळण्याआधी. आज नाही. आज हात दुखतोय.

सायमी


शनिवार, २७ जून
सव्विसावा आठवडा

आइली,

पाकीट होतं तिथंच आहे, फोडलेलं नाही. त्याच्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग पडलाय, एक नाही, चांगले पाच-सहा. म्हणजे आठवडाभर तू माझं पत्र बशी म्हणून वापरलंस. बाबांची लेक शोभतेस.

म्हणून आता पाकीटच नको. जुनं पत्र मीच फोडून टेबलावर उघडं ठेवते, हे त्याच्या शेजारी. उघडं पत्र समोर दिसलं की मन नको म्हणालं तरी डोळे वाचतातच.

लाकडं भरून ठेवलीस, त्याबद्दल लिहायचंय. आईची रीत होती ना, जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी पेटीत कोरडी लाकडं भरायची, दोन बादल्या पाणी आणून ठेवायचं, चुलीत ढलप्या रचून ठेवायच्या, म्हणजे आलेल्यानं नुसती काडी ओढायची. तू माझ्याशी बोलत नाहीस, पण मी इथं येऊन कुडकुडावं हेही तुला चालत नाही. भूर्जाच्या ढलप्या तू उभ्या रचतेस, मी आडव्या. दर वेळी चूल उघडली की कळतं, आइली इथं होती. या एवढ्यावर मी चौदा उन्हाळे काढलेत. तुला कधी सांगितलं नव्हतं.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. डास मात्र पावसात भिजूनही तरतरीत आहेत. काल सॉना तापवला, एकटीच बसले, दोन वेळा पाण्यात उतरले. बाहेर पायरीवर वाफाळत बसले होते तर खाडीतल्या भाड्याच्या घरात उतरलेलं दक्षिणेकडचं एक जोडपं मोटरबोट घेऊन आलं. मी टॉवेलात, ते रेनकोटात. पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त संकोच.

'इथं दिवसभर करता तरी काय, आजी?' त्यातल्या बाईनं विचारलं.

'बसते.'

'आणि मग?'

'मग उठते.'

'एकट्याच असता?'

'एक आठवडा मी, एक आठवडा बहीण.'

'अगंबाई, मग दोघी मिळून का नाही येत?'

'पलंग एकच आहे,' मी म्हटलं. त्यांना पटलं. लोकांना काहीही पटतं.

पलंग उर्पोनं केलेला. तुमचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात, तळ्यावरच्याच पाइनचा. एक पाय आखूड झाला म्हणून किती दिवस आपण त्याला छळलं होतं! तो म्हणायचा, पाय बरोबर आहे, जमीनच वाकडी आहे. आता मी त्याच्याविषयी लिहायला बसले की अशाच गोष्टी आठवतात, आणि जी लिहायची ती राहून जाते. हे मुद्दाम नाही. थोडं मुद्दाम आहे.

सायमी


शनिवार, ११ जुलै
अठ्ठाविसावा आठवडा

आइली,

दोन्ही पत्रं टेबलावर नव्हती. चूल पाहिली, राखेत कागद नव्हता. मग वही उघडली. '५ जुलै. वारा दक्षिणेचा. पाणी १६. वाचलं.'

आजवर तुझ्या ओळीत वारा, पाणी आणि मासा याखेरीज काही आलेलं नाही. मी चष्मा पुसून तो शब्द पुन्हा वाचला. मग कॉफी केली आणि पुन्हा वाचला. आठवडाभर मी या घरात उगाच गुणगुणत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

तेव्हा आता माझी पाळी. दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती, तिथलं सांगते. तू खिडकीपाशी बसली होतीस, मांडीवर बशी. कुणीतरी म्हणालं, 'जन्म या तळ्यावर काढलेला माणूस एप्रिलातल्या कच्च्या बर्फावरून लांब टोकाच्या पुढं जातोच कसा?' सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या, कारण त्याला जिवंत पाहिलेली शेवटची मी. ईस्टरच्या सुट्टीत मी इथंच राहिले होते, आणि त्या सकाळी तो माझ्या दारावरून पुढं गेला होता.

मी म्हटलं, 'घेतली होती त्यानं. तोंडाला वास येत होता. बर्फ ठोकायची पहारसुद्धा न घेता गेला.'

तू बशी खिडकीत ठेवलीस, माझ्याकडं एकदा पाहिलंस आणि कोट घेऊन गेलीस. त्यानंतर मला तुझा चेहरा दिसला नाही.

उर्पोनं घेतली नव्हती, आइली. एक थेंबसुद्धा नाही. वास होता तो कॉफीचा आणि त्याच्या त्या घाणेरड्या तंबाखूचा. मी खोटं बोलले.

तुला अर्थात हे तेव्हाच कळलं असणार. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाला तू ओळखत नव्हतीस का? सख्खी बहीण मेलेल्या माणसाच्या नावाला भर सभेत काळं फासते, हे तुला सहन झालं नाही आणि तू बोलणं तोडलंस. तुझ्या जागी मी असते तर कॉफी तोंडावर फेकली असती. तू नुसती उठून गेलीस, हे तुझे उपकारच.

पण मी का खोटं बोलले ते अजून उरलंय. ते याहून वाईट आहे. पुढच्या वेळी. आज एवढं लिहूनच गळून गेले.

लाकडं भरली आहेत. बादल्या भरल्या आहेत. तुझ्यासारख्या ढलप्या उभ्या रचायचा प्रयत्न केला, दोनदा कोसळल्या.

सायमी


शनिवार, २५ जुलै
तिसावा आठवडा

आइली,

रविवारी मी भर पावसात आले. पेटी रिकामी होती. एक ढलपीसुद्धा नव्हती. बादल्या पालथ्या, चुलीत राख तशीच, वहीत तुझी ओळ नाही. चौदा वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मी ओला कोट अंगावर तसाच ठेवून बाकावर बसले. मग शेडमध्ये जाऊन लाकडं फोडली. खांद्यानं आठवडाभर त्याचा वचपा काढला. जेवणसुद्धा डाव्या हातानं केलं.

मला तुझं कळत नाही. उर्पो प्यायला नव्हता हे तुला आधीपासून ठाऊकच होतं की! त्यासाठीच तर तू माझ्याशी वैर धरलंस. मग तुला ठाऊक असलेलीच गोष्ट मी माझ्या तोंडानं कबूल केली तर शिक्षा वाढली का? मला वाटलं होतं, कमी होईल. निदान पाण्याच्या दोन बादल्यांइतकी तरी जागा माझ्यासाठी राहील.

मी चिडलेय, हे लपवत नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. चिडून धक्क्यावर गेले आणि सगळा राग ताहवोवर काढला.

'झालं तुझ्या मनासारखं? सांगितलं मी तिला.'

'सगळं?'

'अर्धं.'

तो जाळ्याची गाठ मारत होता, मान वर केली नाही. 'अर्ध्या वाटेपर्यंत पेलणारा बर्फ कुणाला पलीकडं नेतो, सायमे?' म्हणाला.

'मोठा आलास शहाणा. तू एवढा खरा, तर तेव्हा का नाही बोललास?'

यावर तो जे बोलला ते इथं लिहीत नाही. ते लिहिलं तर सगळंच लिहावं लागेल आणि त्याला आज माझ्यात बळ नाही. तुझी पेटी भरलेली आहे. ती रीत तू मोडलीस, मी मोडणार नाही. असं लिहिलं की मी फार चांगली वाटते, नाही का? तशी मी नाही. पुढच्या पत्रात दिसेलच.

सायमी


शनिवार, ८ ऑगस्ट
बत्तिसावा आठवडा

आइली,

ताहवोकडून कळलं की तू रविवारी आलीस, तीन दिवस खडकावर बसून राहिलीस, सॉनासुद्धा तापवला नाहीस आणि बुधवारीच परत गेलीस. 'काही बोलली का?' मी विचारलं. 'किल्ली दिली,' तो म्हणाला. 'किल्ली नेहमी हातात देते. या वेळी खिळ्याला अडकवून गेली.'

आता सगळं लिहिते. सहा दिवस हा कागद समोर घेऊन बसले आहे. रोज काही ना काही काम निघालं. बेरी वेचल्या, त्यांचा मुरांबा केला, खिडक्या पुसल्या, पुसलेल्या खिडक्या परत पुसल्या. उद्या सकाळी बस आहे.

बाबांनी आपल्याला पोहायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. बर्फ 'पेलतो' हा शब्द फुकट काढायचा नाही. आपल्या हातातल्या पहारीनं, आपल्या पायांनी चालत, पावलापावलावर ठोकून पाहिलं असेल तरच म्हणायचं. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून नाही, काल पेलत होता म्हणून नाही, दुरून पांढरा दिसतो म्हणून नाही. कारण एकानं 'पेलतो' म्हटलं की दुसरा पुन्हा ठोकून पाहत नाही. या तळ्यावर कुणी कुणाला 'नक्की ना?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. तसं विचारणं म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं.

उर्पोची जाळी लांब टोकाच्या पलीकडं बर्फाखाली अडकली होती आणि बर्फ फुटायच्या आत त्याला ती काढायची होती. ओढ्याचं पाणी तिथंच तळ्यात येतं, बर्फ खालून खाल्ला जातो, हे तुलाही माहीत आहे. म्हणून त्यानं मला निरोप दिला होता, तू तिथं आहेसच तर टोकाच्या पुढंपर्यंत ठोकून पाहा आणि संध्याकाळी ताहवोकडून फोन कर. पेलत असेल तर सकाळी येतो.

मी गेले नाही.

कारण ऐकायचंय तुला? मी त्यावर चौदा वर्षं विचार करते आहे आणि मला मोठं कारण सापडत नाही. दुपारी ओला बर्फ पडत होता. माझे मोजे ओले झाले होते, ते चुलीवर वाळत घातले होते. पुन्हा बूट चढवायचा कंटाळा आला. मी पायरीवर उभी राहिले, टोकाकडं पाहिलं, पांढरंशुभ्र दिसत होतं. काल-परवापर्यंत थंडी कडक होती. मी मनात म्हटलं, पेलत असणार. संध्याकाळी मोजे वाळल्यावर ताहवोच्या धक्क्यापर्यंत गेले, तो भाग सावलीतला, दगडासारखा पक्का. त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोन केला.

उर्पोनं विचारलं, 'टोकाच्या पुढंपर्यंत पाहिलंस?'

मी म्हटलं, 'पाहिलं. ठोकून पाहिलं. पेलतो.'

सकाळी तो बर्फावरून घसरवायची ढकलगाडी घेऊन आला. अर्धा तास माझ्या पायरीवर बसून कॉफी प्यायला. निघताना पहार माझ्या भिंतीला टेकवली. 'ही कशाला ओढत नेऊ?' म्हणाला. 'तू पाहिलंयस ना.'

तेव्हा मला सांगता आलं असतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की उर्पो, मी गेले नव्हते रे, पहार घेऊन जा. तो दोन शिव्या हासडून हसला असता. पण 'पेलतो' म्हटलेला शब्द मागं घ्यायची लाज वाटली. बाबांच्या थोरल्या मुलीनं न पाहता पेलतो म्हटलं, असं गावभर झालं असतं. मी म्हटलं, 'जपून जा.' ते तर आपण दुकानात निघालेल्यालाही म्हणतो.

हाक ऐकू आली नाही. मी कपबशा धूत होते. तासाभरानं बाहेर पाहिलं तर ढकलगाडी दिसली, तो दिसला नाही. मग मी जी पहिली गोष्ट केली ती ऐक. धावत ताहवोकडं गेले नाही. ते नंतर. आधी त्याची पहार उचलली आणि शेडमध्ये माझ्या पहारीशेजारी ठेवली. फार वेळ लागला नाही, मिनिटभर. पण आधी ती ठेवली. त्या मिनिटानं तो वाचला असता असं नाही, सगळे म्हणाले की तो केव्हाच गेला होता. तरी ते मिनिट माझं आहे.

सभागृहात मी जे बोलले ते यासाठी. तो शुद्धीत होता असं ठरलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग पहार का नाही नेली?

ताहवोनं शोध घेताना शेडमध्ये दोन पहारी पाहिल्या होत्या. माझा फोनही त्यानं ऐकला होता. मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते हे. मी त्याला म्हटलं होतं, तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, 'त्या दुपारभर मी खिडकीत जाळं विणत होतो. टोकाकडं कावळासुद्धा गेला नाही. तू फोनवर पेलतो म्हणालीस, मला वाटलं, सकाळी जाऊन आली असेल. विचारलं नाही. त्या बापाच्या लेकीला काय विचारायचं? म्हणून सभागृहातही उठलो नाही. लोक म्हणाले असते, तू बघत होतास तर टोकलं का नाहीस? तू एकटी नाहीस यात, सायमे. पण पहिली तू आहेस.'

पहिली मी आहे.

आता ताहवोला सांगायचं काही उरलं नाही. पुढच्या रविवारी माझा आठवडा सुरू होतो. तू कळव, यायचं की नाही. नको म्हणालीस तर हे घर तुझं, सगळे आठवडे तुझे, मी कागदावर सही करून देईन. मला आता लपवायचं बळ राहिलं नाही आणि सांगून हलकं वाटेल असं म्हणतात तेही खरं नाही. नुसतं थकायला होतं.

सायमी


बुधवार, १२ ऑगस्ट

सायमी,

पोस्टानं पाठवतेय, म्हणजे शुक्रवारी मिळेल. मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही.

तू लिहितेस की मला आधीच ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. माझा तुझ्यावर विश्वास होता. तू म्हणालीस घेतली होती, म्हणजे घेतली होती. त्याचा बाप दारूनं गेला. लग्नाआधी त्यानं मला शब्द दिला होता की आयुष्यात शिवणार नाही. मला वाटलं, शब्द मोडला आणि मेला. तू खोटं बोललीस म्हणून मी बोलणं तोडलं नव्हतं. खरं बोललीस आणि चारचौघांत बोललीस, म्हणून तोडलं होतं.

चौदा वर्षं मी त्याच्यावर रागावले. त्याचे शर्ट त्याच आठवड्यात देऊन टाकले. फोटो कपाटात पालथा घातला. थडग्यावर गवत माजलं, मी उपटलं नाही. रडले नाही. दारुड्यासाठी कशाला रडायचं? आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा त्याच्यासाठी दुसरं कुणी रडलं असेल असंही नाही. जुलैत तुझं ते पत्र वाचलं आणि मला बादली उचलवेना.

त्याला तू एका दिवशी घेतलंस. ते कंटाळ्यानं झालं, समजू शकते, मीही कधी कधी न ठोकता चालले आहे. पण त्याच्यासाठी रडणं तू माझ्याकडून रोज घेत राहिलीस, चौदा वर्षं, रविवारच्या रविवार माझी लाकडं जाळत. ते मी माफ करीन असं वाटत नाही. तशी आशा धरून येऊ नकोस.

काल थडग्यावर गेले. गवत काढायला तीन तास लागले, गुडघे गेले कामातून. मोठ्यानं बोलले त्याच्याशी. शेजारच्या थडग्याला पाणी घालणारी बाई झारी टाकून निघून गेली. घरी आले आणि कुणालातरी सांगावंसं वाटलं की तो वाकड्या पायाच्या पलंगावर बसून कसा भांडायचा. सांगायला कुणी नाही. त्याला ओळखणारे सगळे गेले, ताहवोही चालला. तू उरलीस. दुसरं कुणीही उरलं असतं तर मी त्यांच्याकडं गेले असते.

रविवारी मी सकाळच्या बसनं जाणार नाही. तू संध्याकाळच्या बसनं ये. नाव मी घेऊन येते, त्या खांद्यानं वल्हवू नकोस. नावेत बोलायचं नाही. माफी मागायची नाही. सॉनात पहिलं पाणी दगडांवर टाकून झालं की मी विचारीन, आणि त्या सकाळी पायरीवर कॉफी पिताना तो काय काय बोलला ते तू सांगायचं. सगळं. एकही शब्द वगळायचा नाही. त्याचा शेवटचा अर्धा तास चौदा वर्षं तुझ्याकडं आहे. तो माझा आहे.

आइली